खुर्चीपासून बोटीपर्यंत

जमिनीवर सुट्टीत राहायच्या कॅरव्हान गाड्या उभ्या करायचे त्रेचाळीस काँक्रीटचे ओटे होते. त्यांतले सदतीस धड, सहा तडकलेले. नॉरफोक पाईनची झाडं एकोणीस, त्यांतलं एक विजेने अर्धं जळलेलं. स्वच्छतागृहं दोन, एकावर छप्पर नव्हतं. नळ अकरा, पाणी येणारे चार. लोखंडी चुली सहा. एकीत कुणाचा तरी चष्मा सापडला. पेलिकन मी मोजले नाहीत, ते एका जागी थांबत नव्हते. उत्तरेच्या टोकाला, ओढ्याच्या तोंडाशी, पत्र्याची शेड एक. शेडसमोर वाळूवर लाकडी बोट एक, लांबी पाच मीटर चाळीस सेंटिमीटर, आत किनाऱ्यावरून ओढायचं रापणीचं जाळं. आणि जमिनीमागच्या टेकडीवर पाण्याची टाकी एक, टाकीच्या शिडीला साखळीकुलूप घालून बांधलेली पांढरी प्लास्टिकची खुर्ची एक.

“खुर्ची नगरपालिकेची आहे का?” गोर्डानाने विचारलं. ती माझी वरिष्ठ.

“नाही. माझ्या मामाची आहे.”

“मग यादीत कशाला?”

“तिथे होती म्हणून.”

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “टॅमसिन, बाई, तूही तिथे होतीस. स्वतःलाही घालायचं होतंस.”

खुर्ची यादीतून गेली. बोट राहिली, कारण शेडचं भाडं नगरपालिकेला येतं.

मलेंड्राची ही समुद्रकाठची साडेतीन हेक्टर जागा गावाच्या मालकीची. कॅरव्हान पार्क तोट्यात जाऊन बंद पडलं, दोन वर्षं तिथे गवत आणि रिकाम्या बाटल्या वाढल्या, आणि मग नगरपालिकेने ती नव्याण्णव वर्षांच्या कराराने एखाद्या बिल्डरला द्यायचं ठरवलं. आठ जण पुढे आले, तीन उरले. तिघांचे नकाशे बंद पाकिटांतून आले. आमच्या समितीने त्यांना गुण द्यायचे, आणि मंगळवारी संध्याकाळी नगरसेवकांनी मत देऊन एकाला निवडायचं.

मी किनाऱ्यांच्या भूरचनेत पदवी घेऊन नुकतीच तिथे लागले होते. माझी आई आणि मामा त्याच पुळणीवर रापण लावतात हे मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, म्हणून गुण देणं माझ्याकडे नव्हतं. माझ्याकडे फक्त मोजणं होतं. नकाशांतलं एक अक्षर कुणाला सांगायचं नाही, घरी तर नाहीच. बाहेर फुटलं तर अख्खी निवड रद्द, आणि माझी नोकरी गेली.

नियम सोपा होता. घर सोपं नव्हतं.

मामाचं नाव मर्व्हिन टॅरंट. मे महिन्यात पश्चिमेचा कोरडा, गार वारा सुटला की बोय माशांचे थवे दक्षिणेच्या भूशिराला वळसा घालतात आणि किनाऱ्याला घासून उत्तरेकडे निघतात, पोटं गाभोळीने टम्म. मामा तेव्हा टेकडीवरच्या खुर्चीत बसलेला असतो. पाण्यात विटकरी-काळपट डाग सरकताना दिसला की तो उठतो आणि टोपी हलवतो. माझी आई, जेनेट, त्याची धाकटी बहीण, खाली ओढ्याजवळ बोटीपाशी उभी असते. माशांच्या पुढे जाऊन त्यांना घेरायचं असतं, म्हणून बोट उत्तरेला. टोपी कोणत्या हातात, किती वेळा, यावरून आई बोट कधी ढकलायची आणि किती बाहेर न्यायची ते ठरवते. तेवढ्यात सर्फिंग करणारी पोरं आपणहून पाण्याबाहेर येतात, दोर ओढायला लागतात, आणि जाताना दोन-दोन मासे नेतात. हे कुणी कुणाला शिकवलेलं मला आठवत नाही.

मामाने दोन वर्षांपूर्वी बेकरीच्या दारात टेबल टाकून सह्या गोळा केल्या होत्या. मागणी एकच: टेकडीवरून समुद्र दिसला पाहिजे. अकराशे सह्या झाल्या. नगरपालिकेने ते वाक्य जसंच्या तसं बिल्डरांच्या अटींत घातलं. मामाने ते कापून फ्रिजवर लावलं.

यंदा मे अर्धा उलटला तरी वारा फिरला नव्हता. ईशान्येचा ओला, लेचापेचा वारा रोज दुपारी यायचा आणि गावाला चावत बसायचा. कपडे वाळत नव्हते. आई जाळ्याच्या गाठी तपासायची, मग त्याच गाठी परत तपासायची. मामा दिवसातून चार वेळा टेकडी चढायचा. वाण्याच्या दुकानात लोक एकमेकांना ‘काय म्हणतोस’ ऐवजी ‘आले का’ विचारत होते, आणि त्यातही काहींना मासे म्हणायचं असे, काहींना बिल्डर. मला झोप लागत होती, पण मध्येच जाग यायची आणि मी स्वप्नात काही मोजत होते एवढंच आठवायचं.

रविवारी दुपारी आम्ही शेडमध्ये जेवत होतो. कालचे ‘मीट पाय’, मटणाचं सारण भरलेले, गरम करून, वर टोमॅटो सॉस.

“टॅम,” मामा म्हणाला, “नाव नको सांगूस. नुसती मान हलव. दुसरा बिल्डर येतोय ना?”

“मला माहीत नाही, मामा.”

“माहीत नाही की सांगत नाहीस?”

“दोन्ही.”

“छळू नकोस रे तिला,” आई म्हणाली. “नोकरी गेली तर माझ्या बोटीत येऊन बसेल, आणि वल्हं धरायची अक्कल नाही तिला. बापावर गेलीय.”

वाचनालयात तिन्ही प्रस्तावांची एकेक रंगवलेली चित्रं टांगली होती. लोकांना दाखवायला तेवढीच. मामाला दुसरं आवडलं होतं. त्यात टेकडीसमोर ठेंगणी, एकमजली घरं होती, अंगणात गवत, आणि त्यांच्यावरून लांबलचक निळा समुद्र. पहिल्या आणि तिसऱ्यात काचेचे ठोकळे होते.

“त्या दुसऱ्याने ऐकलंय माझं,” मामा म्हणाला. “बाकीच्यांनी नुसतं वाचलंय. मंगळवारी सभेत मी पाच मिनिटं बोलणार आहे, नाव दिलंय. आभार मानणार.”

“आभार? तू?” आई म्हणाली. “तीस वर्षं मी तुझ्या टोपीवर बोट ढकलतेय, मला कधी मानलेस?”

“तू बिल्डर नाहीस.”

मी खात राहिले. दुसऱ्या प्रस्तावाला सर्वांत जास्त गुण मिळाले आहेत हे मला शुक्रवारपासून ठाऊक होतं. टेकडीवरून समुद्र दिसतो का, ते मीच तपासलं होतं. खुर्चीजवळ मोजणीयंत्राची तिपाई लावली, संगणकात तिन्ही इमारती उभ्या केल्या, आणि तिन्हींसमोर लिहिलं: होय.

तीनच्या सुमारास शेडच्या पत्र्यांचा आवाज बदलला. आईने मान वर केली. वारा थांबला होता. मग तो मागून आला, जमिनीकडून, कोरडा आणि गार. मामा चहाचा थर्मास तिथेच सोडून टेकडीकडे पळाला, सत्तरीच्या माणसाने पळू नये तसा. मी थर्मास घेऊन त्याच्या मागे गेले.

तासभर काही नव्हतं. तो बसला, उठला, कुलपाशी खेळला. मग भूशिराच्या अलीकडे पाण्यावर ढगाची सावली पडल्यासारखं दिसलं, आणि आकाशात ढग नव्हता.

“लहान आहे,” तो म्हणाला. “पण आहे.”

त्याने उजव्या हाताने टोपी दोनदा हलवली. मला वाटलं होतं आता तो माशांवर नजर खिळवून बसेल. पण त्याने मान पूर्ण डावीकडे वळवली, समुद्राकडे जवळजवळ पाठच केली, आणि तसाच श्वास धरून थांबला. खाली, पाईनच्या पलीकडे, शेडसमोर, आईने एक वल्हं सरळ उभं केलं. तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला आणि परत माशांकडे वळला. पुन्हा खूण, पुन्हा मान डावीकडे, पुन्हा वल्हं. असं मी सात वेळा पाहिलं. आठव्या वेळेला मीही डावीकडे पाहिलं, आणि मला दुसऱ्या प्रस्तावाचा उत्तरेचा भाग आठवला.

चित्रात तो भाग कडेला, झाडांआड होता. समोर ठेंगणी घरं ठेवायची म्हणून त्यांनी सगळी उंची तिकडे नेली होती: चार मजले, छप्पर समुद्रसपाटीपासून साडेसतरा मीटर. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे अठरा मीटरवर. छप्पर खुर्चीपासून एकशेवीस मीटर लांब. म्हणजे एकशेवीस मीटरांत नजर फक्त अर्धा मीटर खाली उतरणार, आणि त्याच उताराने पाण्याला टेकायला तिला चार हजार तीनशे वीस मीटर लागणार. त्या दिशेला समुद्र दिसेल, सव्वाचार किलोमीटरच्या पुढचा. बोट खुर्चीपासून दोनशे साठ मीटरवर होती.

मी हे तळहातावर पेनने मांडलं, कारण दुसरं काही नव्हतं. मग खाली जाऊन दोर धरला.

“टॅम, ओढ! नुसता धरतेस काय, दोर आहे, नवरा नाही!” आई पाण्यातून ओरडली. पोरं हसली. मी ओढायला लागले. चौदा खोकी मासे आले.

सोमवारी सकाळी गोर्डाना तिच्या नेहमीच्या कडू कॉफीच्या दुसऱ्या कपावर होती. तिचे आईवडील मॅसेडोनियाहून पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्यात आले होते. कॉफी उकळताना ती कुणाशी बोलत नाही. मी कप रिकामा होईपर्यंत दारात थांबले, मग सगळं सांगितलं.

“अटीतले शब्द काय आहेत?” तिने विचारलं.

“टेकडीवरून समुद्र दिसला पाहिजे.”

“दिसतो?”

“दिसतो.”

“मग?”

“बोट दिसत नाही.”

“बोट कुणी मागितली?”

कुणीच मागितली नव्हती. अकराशे सह्यांत माझी होती, आईची होती.

“का नाही मागितली?” ती म्हणाली. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“मला वाटतं, त्यांना ते बघणं वाटतच नाही. समुद्राकडे बघतात. एकमेकांकडे... ते नुसतं असतं.”

“रेडिओ वापरत नाहीत?”

“एका वर्षी आणला होता. आई म्हणाली, दोन्ही हात वल्ह्यांवर आहेत, रेडिओ काय दातात धरू? तीन दिवसांत पाण्यात गेला.”

गोर्डाना खिडकीशी गेली, परत आली. “पाकिटं उघडल्यावर समितीला अट बदलता येत नाही. बदलली तर बाकीचे दोघे उद्याच वकील घेऊन येतील. नगरसेवकांना मात्र निवड करताना वेगळी अट जोडता येते. पण त्यांना ते सुचलं पाहिजे, आणि सुचवणारी तू असू शकत नाहीस. मीही नाही. सभेत आधी नागरिक बोलतात.”

“म्हणजे मामा?”

“मी नाव घेतलं नाही,” ती म्हणाली. “तूही घेऊ नकोस. नकाशांबद्दल एक शब्द जरी घरी बोललीस, तर मला तुझ्याविरुद्ध लिहावं लागेल, आणि मी लिहीन.”

“मी माशांबद्दल बोलले तर?”

“माशांबद्दल या गावात बोलायचं नाही म्हटलं तर सगळे मुके होतील. जा, काम कर.”

दिवसभर मी ओढ्याच्या तोंडाच्या जुन्या मोजण्या नीट लावत बसले. वर्षभरात ते एकतीस मीटर उत्तरेला सरकलं होतं. ओढ्याच्या दक्षिण काठाला वाळू घट्ट असते, म्हणून बोट दर वर्षी तोंडाबरोबर सरकते. एरवी मला हे काम आवडतं. त्या दिवशी प्रत्येक आकडा दोनदा चुकला.

संध्याकाळी शेडमध्ये दोघं जाळं शिवत होते, एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती. स्टोव्हवर आईने गाभोळी लोण्यात टाकली होती. मी बाकावर बसले, उठले, भांडं हलवलं.

“तुला मुंग्या चावतायत का?” आई म्हणाली.

“मामा,” मी म्हणाले, “खूण करतोस तेव्हा तू कुठे बघतोस?”

“समुद्राकडे. आणखी कुठे बघणार, बेकरीकडे?”

“खोटं,” आई म्हणाली. “माझ्याकडे बघतो.”

“तुझ्याकडे कशाला बघू? तीस वर्षं बघतोय, काही सुधारणा नाही.”

“मी वल्हं उभं करेपर्यंत हा माणूस हलत नाही, टॅम. एकदा मुद्दाम नाही केलं. तर वेड्यासारखा दहा वेळा टोपी हलवत बसला, मासे पार निघून गेले.”

“ते तुझ्यामुळे गेले!”

“का गेले? माझ्याकडे बघत बसलास म्हणून गेले!”

“मी माशांवरून नजर काढत नाही. आयुष्यात काढलेली नाही. बाबांनी शिकवलंय मला.”

“बाबाही आपल्या आईकडे बघायचे.”

मामाने सुई जाळ्यात खोचली आणि बाहेर निघून गेला. गाभोळी एका बाजूने करपली. मी आणखी काही विचारू शकत नव्हते. जेवढं विचारलं तेच जास्त झालं की कमी, ते कळायला काही साधन नव्हतं. आईने करपलेली बाजू माझ्या ताटात वाढली.

“काय झालंय?” तिने हळूच विचारलं.

“काही नाही.”

“बरं,” ती म्हणाली, आणि जाळ्याकडे वळली.

मंगळवारी सभागृह भरलं होतं. मागे भिंतीला टेकून पोरं उभी, काहींच्या केसांत अजून मीठ. नऊ नगरसेवक अर्धगोलात, मध्ये नगराध्यक्षा. तिन्ही बिल्डरांची माणसं पहिल्या रांगेत, नवे बूट. मी कडेला, समितीच्या टेबलाशी, गोर्डानाच्या शेजारी.

बाहेर पश्चिमेचा वारा वाढत होता. खिडक्या खडखडल्या की अर्धं सभागृह त्या दिशेला बघायचं.

मामाचं नाव पुकारलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, हातात कागद. कागदावर आभार होते हे मला माहीत होतं. आईने शुद्धलेखन तपासलं होतं. तो माइकपाशी उभा राहिला, कागद उघडला, परत मिटला.

“आमच्या घरात काल भांडण झालं,” तो म्हणाला.

मी खाली बघितलं. मामा काय सांगतोय, कोणी विचारलं, कशावरून विचारलं, यावर माझी नोकरी होती.

“रोजच होतं,” मागून कुणी म्हणालं. लोक हसले.

“रोजच होतं. पण काल माझी बहीण म्हणाली, मी टोपी हलवून तिच्याकडे बघतो. मी म्हटलं, खोटं. मी माशांकडे बघतो. आज सकाळी टेकडीवर गेलो. ती खाली बोट धुवत होती. मी ठरवलं, आज काही झालं तरी डावीकडे बघायचं नाही. दोन तास बसलो.” तो थांबला. “जमलं नाही.”

आई दुसऱ्या रांगेत होती. तिने पर्स उघडली आणि आत काहीतरी शोधायला लागली.

“तर मी आभार मानायला आलो होतो, ते मानतो,” मामा म्हणाला. “समुद्र दिसेल असं तिघांनीही कबूल केलंय, चांगलं आहे. पण मी मागताना अर्धंच मागितलं. मासा दिसून उपयोग नाही. मला माझी बहीणही दिसली पाहिजे. ती काही बघण्यासारखी नाही, पण दिसली पाहिजे.”

या वेळी हसणं मोठं होतं. नगराध्यक्षा हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

“बोट कुठे असते, मिस्टर टॅरंट?”

“ओढ्यापाशी. शेडसमोर.”

“तिन्ही प्रस्तावांच्या प्रतिनिधींना विचारते. टेकडीवरच्या खुर्चीतून शेडसमोरची वाळू दिसेल का?”

पहिल्याचा माणूस म्हणाला, तपासून सांगतो. तिसऱ्याचाही तेच म्हणाला. दुसऱ्याचे वास्तुविशारद मिस्टर व्हिटेकर उठले, उंच, सौम्य बोलणारे गृहस्थ.

“आमच्या रचनेत टेकडीवरून समुद्र सर्व दिशांना दिसतो. हे समितीनेही मोजून मान्य केलं आहे.”

“मी वाळू विचारली.”

“समुद्र तर...”

“बहीण विचारतायत त्या!” मागून एक पोरगा ओरडला.

व्हिटेकर खाली बसले, नकाशा गुडघ्यांवर उघडला, आणि त्यावर बोट फिरवत राहिले. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. त्यांनी अट अक्षरशः पाळली होती, इतर दोघांपेक्षा जास्त काळजीने. त्यांचं बोट उत्तरेच्या इमारतीवर येऊन थांबलं. त्यांनी मान वर केली.

“नाही,” ते म्हणाले. “आत्ता आहे तशी, दिसणार नाही.”

मामाने मागे वळून आईकडे पाहिलं. आई आता पर्समध्ये बघत नव्हती.

पाऊण तास चर्चा झाली. एका नगरसेवकाचं म्हणणं पडलं की दोन माणसांच्या नजरेसाठी गावाचं उत्पन्न अडवायचं का. दुसऱ्या बाई म्हणाल्या, दोन माणसांचं काय घेऊन बसलात, मासे मी पण खाते. शेवटी सहा विरुद्ध तीन मतांनी दुसरा प्रस्ताव निवडला गेला, एका जोडलेल्या अटीवर: खुर्ची आणि बोट एकमेकांना दिसतात हे करारावर सही होण्याआधी जागेवर सिद्ध करून दाखवायचं. मोजणी नगरपालिका करेल.

“म्हणजे तू,” गोर्डाना कागद आवरत म्हणाली. “आणि आता ती खुर्ची यादीत घाल.”

बाहेर आल्यावर मामा मला म्हणाला, “तुला माहीत होतं.”

“मामा, मला माहीत नाही.”

“बरं,” तो म्हणाला. “तुझी आई म्हणते तसं, बापावर गेलीस. त्याच्याही तोंडातून काही निघायचं नाही.”

जूनच्या पहिल्या आठवड्यात व्हिटेकरांनी नवा नकाशा दिला. मजले चारच, पण उत्तरेची इमारत दोन भागांत चिरलेली. मध्ये अकरा मीटरची फट, खुर्चीपासून बोटीच्या रेषेत. यापेक्षा रुंद फट केली तर सोळा घरं कमी होतात आणि हिशेब बसत नाही, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांच्या माणसांनी जमिनीवर लांब खांब उभे केले, छपराच्या उंचीपर्यंत, आणि खांबाखांबांमध्ये नारिंगी कापड ताणून बांधलं, म्हणजे इमारत कुठे येणार ते दिसावं. वारा पश्चिमेचाच होता. कापड फडफडत होतं आणि पेलिकन तिकडे फिरकत नव्हते.

मोसम अजून संपलेला नव्हता. आई सारखी भूशिराकडे बघत होती.

“लवकर कर,” ती म्हणाली. “आज येतील असं वाटतंय.”

“तुला रोज वाटतं.”

“रोज येऊ शकतात.”

ठरलं ते असं. मामा खुर्चीत बसेल, उभा राहणार नाही. आई वल्हं सरळ धरून शेडसमोरच्या वाळूवर दक्षिणेकडून उत्तरेकडे ओढ्यापर्यंत चालेल. वल्हं पायथ्यापासून टोकापर्यंत दिसायला लागलं की मामा टोपी वर करेल. दिसेनासं झालं की खाली. टोपी वर गेली तिथे मी एक खुंटी ठोकायची, खाली आली तिथे दुसरी. तिथे पाय लावून मामाची टोपी मला दिसते का, तेही बघायचं. व्हिटेकर वहाणा काढून वाळूत उभे होते, पँट दुमडून. गोर्डाना त्यांच्या शेजारी, कॉफीचा डबा घेऊन.

आई निघाली. खांबांआधी ओढ्याकडची ही पुळण टेकडीवरून सगळी दिसायची, एकशे नव्वद मीटर. ते मी आदल्या आठवड्यात मोजून ठेवलं होतं. ती बराच वेळ चालली. टेकडीवर काही हललं नाही. नारिंगी कापडावर ऊन पडलं होतं, मामा दिसत नव्हता.

“झोपला असेल,” आई म्हणाली, पण ती पावलं मोजून टाकत होती.

मग फटीतून पाण्याची टाकी दिसली, टाकीखाली पांढरा ठिपका, आणि ठिपक्यावर टोपी वर गेली.

“आहे,” आई म्हणाली. ती नकळत थांबली आणि तिने वल्हं आणखी उंच धरलं.

मी पहिली खुंटी ठोकली. “चाल आई, थांबू नकोस.”

ती चालली. टोपी वरच होती. ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं. बोट मागे राहिली. मामाने टोपी गदागदा हलवली, आणि एका क्षणी आईने झटकन समुद्राकडे पाहिलं, मासे आले की काय म्हणून; नव्हते. तो नुसताच हलवत होता. आणखी काही पावलं, आणि कापडाच्या कडेआड ती टोपी, मामा, खुर्ची, टाकी, सगळं एकदम गेलं.

मी दुसरी खुंटी ठोकली. तिच्या पुढे, उत्तरेला, ओढ्याचं तोंड होतं, वर्षभरात एकतीस मीटर सरकलेलं. आईने टेपचं एक टोक पहिल्या खुंटीला लावून धरलं. मी दुसऱ्या खुंटीपर्यंत टेप ताणला, ढिला पडत नाही ना ते पाहिलं, आणि आकडा वाचला. मग परत एकदा, टोकं बदलून.

दोन्ही वेळा चोवीस मीटर दहा सेंटिमीटर.